लार्किनची गाडी रायपूरवरून जाते

मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस १९७७ साली सुरू झाली. नागपूर-अमरावतीकडे माहेर किंवा आजोळ असलेल्या रायपूरच्या मराठी घरांना ही गाडी चांगली ओळखीची आहे. तिला नाव मिळालं ते रवींद्रनाथांच्या पुस्तकावरून. ते पुस्तक इंग्रजीत प्रथम १९१२ साली लंडनमध्ये निघालं आणि त्याला प्रस्तावना लिहिली डब्ल्यू. बी. यीट्स या आयरिश कवीने. पुढे पहिलं महायुद्ध पेटलं. फ्रान्सच्या आघाडीवर लढणाऱ्या विल्फ्रेड ओवेन नावाच्या तरुण इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या खिशातल्या वहीत ‘गीतांजली’तले काही शब्द उतरवून घेतले होते, खाली रवींद्रनाथांचं नाव लिहिलं होतं. ४ नोव्हेंबर १९१८ रोजी ओवेन मारला गेला. वय २५. बरोबर आठवड्याने युद्ध थांबलं आणि गावात युद्धविरामाच्या घंटा वाजत असतानाच त्याच्या घरी तार पोचली. १९२० साली त्याच्या आईने रवींद्रनाथांना पत्र लिहून त्या वहीबद्दल कळवलं.

ओवेन कवी होता. आधुनिक ब्रिटिश कवितेत शिरायचं तर त्याच्या दारातून शिरावं. आणि या दाराशी आपली ओळख आधीपासूनच निघते.

तरीही ‘आधुनिक इंग्रजी कविता’ म्हटलं की आपल्याकडचा चांगला वाचकही बिचकतो. वर्डस्वर्थचे डॅफोडिल्स शाळेत भेटलेले असतात, कीट्स-शेली कॉलेजात. त्यानंतरचं सगळं गाइडच्या धुक्यात राहतं. यमक नाही, चाल नाही, मध्येच लॅटिन, मध्येच शिवी. ही कविता कुणा दूरच्या, फार शिकलेल्या माणसांसाठी आहे, असा समज एकदा बसला की मग तो हलत नाही. खरं पाहिलं तर गेल्या शंभर वर्षांतले ब्रिटनचे अनेक मोठे कवी लहान गावांतले, कामकरी किंवा शेतकरी घरांतले आहेत. घरची बोली एक आणि शाळेची भाषा दुसरी, या ओढाताणीत ते वाढले. घरात मराठी, बाजारात छत्तीसगढी, शाळेत हिंदी आणि नोकरीत इंग्रजी असा दिवस काढणाऱ्या रायपूरच्या मराठी माणसाला ही ओढाताण कुणी समजावून सांगायला नको.

आधी ओवेनचं एक तंत्र पाहू. आपल्या कानाला यमकाची सवय ओवी-अभंगापासूनची. शेवटची अक्षरं जुळली की मन निवतं. ओवेनने हे निवणंच नाकारलं. त्याने व्यंजनं तशीच ठेवून मधला स्वर बदलला. मराठीत बोलायचं तर एका ओळीच्या शेवटी ‘वार’ आणि दुसरीच्या शेवटी ‘वीर’, किंवा ‘माळ’ आणि ‘मूळ’. कान जुळणीची वाट पाहतो, जुळणी हातातोंडाशी येते आणि निसटते. युद्धात मेलेल्या दोन शत्रूंची भेट सांगणाऱ्या ‘स्ट्रेंज मीटिंग’ या कवितेत हे निसटतं यमक ओळीमागून ओळ येत राहतं. ज्या जगात काहीच धड जुळेनासं झालं होतं, त्याचं वर्णन गोड यमकात करणं त्याला खोटं वाटलं असणार. हे एकदा कानाला कळलं की ‘यमक नाही’ ही तक्रार गळून पडते. यमक आहे; ते जखमी आहे.

आता गाडीकडे वळू. फिलिप लार्किन हा दुसऱ्या महायुद्धानंतरचा, आजही ब्रिटनमध्ये आवडीने वाचला जाणारा कवी. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हल या बंदराच्या गावी तो विद्यापीठाचा ग्रंथपाल होता, १९५५ पासून १९८५ साली मरेपर्यंत. लंडनच्या साहित्यिक वर्तुळापासून हे गाव लांब, आणि त्याला ते लांबपण मानवत होतं. १९८४ साली राजकवीपद देऊ केलं तर ते त्याने घेतलं नाही. त्याची ‘द व्हिटसन वेडिंग्ज’ ही कविता म्हणजे हलहून लंडनला जाणाऱ्या गाडीचा प्रवास. व्हिटसन या ख्रिस्ती सणाला जोडून आलेल्या सुट्टीतला शनिवार, टळटळीत दुपार, अर्ध्याहून जास्त रिकामी गाडी, तापलेल्या गाद्या, उघड्या खिडक्या. सुरुवातीला घरांच्या मागच्या बाजू, मासळीच्या धक्क्याचा वास, नदी, शेतं, कालवे. स्टेशनांवर गलका होतो तिकडे त्याचं लक्षच नाही. टपालाच्या थैल्या चढवणारे हमाल असतील, असं समजून तो वाचत राहतो. मग एकदा मान वर करतो आणि त्याच्या ध्यानात येतं की प्रत्येक स्टेशनावर नवी लग्नं गाडीत चढताहेत. निरोप द्यायला आलेली वऱ्हाडं फलाटावर उभी: रुंद पट्टे लावलेले बाप, मोठ्याने बोलणाऱ्या जाड आया, चावट बोलणारा एखादा काका, खोटे दागिने आणि नायलॉनचे हातमोजे घातलेल्या मुली.

मे महिन्याच्या लग्नसराईत दुर्ग, राजनांदगाव, डोंगरगढ किंवा गोंदियाच्या फलाटावर जो उभा राहिला आहे, त्याला या कवितेसाठी टिपांची गरज नाही. हळद न उतरलेले हात, पाण्याच्या बाटलीसाठी धावणारा भाऊ, खिडकीच्या गजांतून शेवटच्या सूचना देणारी मावशी, गाडी हलल्यावर एकाएकी मोकळा पडलेला फलाट.

पण लार्किन काय करतो ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. आधी तो या माणसांकडे जरा वरून पाहतो, त्यांच्या कपड्यांची, चालीरीतींची खिल्ली उडवल्यासारखं करतो. गाडी पुढे जाते तसा त्याचा सूर उतरत जातो. मुलांना हे सगळं कंटाळवाणं वाटतं, बापांना मोठा मोर्चा फत्ते केल्यासारखं, आणि बायकांना काहीतरी गुपित ठाऊक आहे, अर्धं सुखाचं, अर्धं मरणाचं. शेवटी ब्रेक लागतात, लंडन येतं आणि त्याच्या मनात प्रतिमा येते बाणांच्या वर्षावाची: नजरेआड सुटलेले बाण कुठेतरी पाऊस होऊन पडताहेत. खिल्लीपासून आशीर्वादापर्यंतचा हा प्रवास ८० ओळींत होतो. दहा-दहा ओळींची आठ कडवी, पक्कं यमक, आणि प्रत्येक कडव्यातली दुसरी ओळ एकदम आखूड. मोठ्याने वाचलं की ती आखूड ओळ रुळांच्या सांध्यावर चाक आपटावं तशी लागते.

लार्किनने ही कविता १९५८ साली पूर्ण केली. त्याच वर्षी हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध नागपूर सोडून राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवायला आले. रायपूरहून राजनांदगाव सुमारे ७० किलोमीटर. कॉलेज जुन्या राजवाड्यात, दोन्ही बाजूंना तलाव: राणीसागर आणि बूढासागर. तिथेच मुक्तिबोधांचं घर, त्यात एक चक्करदार जिना. १९६४ च्या सप्टेंबरमध्ये दिल्लीला त्यांचं निधन झालं आणि त्याच वर्षी ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा त्यांचा संग्रह निघाला. ‘द व्हिटसन वेडिंग्ज’ हा लार्किनचा संग्रहसुद्धा १९६४ चाच. एकाच काळात दोन आडबाजूची गावं, दोन नोकरदार माणसं, आणि दोन भाषांच्या कवितेला वळण देणारी दोन पुस्तकं. दोघांत साम्य मात्र इथेच संपतं. लार्किन कमी लिहितो, झाकून लिहितो, सुरीने पेन्सिल तासावी तसं. मुक्तिबोधांची कविता संपता संपत नाही, ती भुयारात उतरते.

मुक्तिबोधांच्या शेजारी ठेवून वाचावा असा कवी दुसरा आहे: टी. एस. एलियट. जन्माने अमेरिकन, १९१४ पासून इंग्लंडात, १९२७ साली ब्रिटिश नागरिक. काही वर्षं लंडनच्या लॉइड्स बँकेत नोकरी. त्याची ‘द वेस्ट लँड’ ही १९२२ ची कविता म्हणजे बिचकवणाऱ्या कवितांची आजी. त्यात लंडन ब्रिजवरून सकाळी कामाला निघालेली गर्दी आहे आणि ती गर्दी मेलेल्या माणसांची वाटते. मुक्तिबोधांच्या ‘अँधेरे में’ या दीर्घ कवितेत मध्यरात्री शहरातून एक मिरवणूक निघते. तिच्यात सेनाधिकारी आहेत, पत्रकार आहेत, कवी आणि समीक्षक आहेत, आणि त्यांच्या जोडीने चालणारा एक कुख्यात गुंडही. एलियट इंग्लंडच्या चर्चचा श्रद्धावंत, मुक्तिबोध मार्क्सवादी. एकाचं पाहिलं म्हणून दुसऱ्याने लिहिलं, असा हा प्रकार नव्हे. पण ‘अँधेरे में’ ज्याने रात्रीच्या शांततेत एकदा वाचली आहे, त्याला ‘द वेस्ट लँड’मधले तुटलेले आवाज, अर्धवट संवाद, झटकन बदलणारी दृश्यं परकी वाटणार नाहीत. दुःस्वप्नाला व्याकरण नसतं, हे त्याला माहीत असतं.

आणि ‘द वेस्ट लँड’चा शेवट तर आपल्याच घरात होतो. एलियट हार्वर्डमध्ये संस्कृत शिकला होता. कवितेच्या अखेरच्या भागात त्याने बृहदारण्यकोपनिषदातली प्रजापतीची गोष्ट घेतली. देव, मनुष्य आणि असुर उपदेश मागायला येतात. प्रजापती तिघांनाही एकच अक्षर सांगतो, ‘द’. देव त्यातून दमन घेतात, मनुष्य दान, असुर दया. एलियटच्या कवितेत तो ‘द’ ढगांच्या गडगडाटातून येतो. उपनिषदातला क्रम मात्र त्याने बदलला: दान आधी, मग दया, मग दमन. क्रम का बदलला, या एका प्रश्नावर वाचकाने संध्याकाळ घालवावी. टिपांची जाडजूड पुस्तकं नंतर उघडली तरी चालतात. इंग्रज वाचकाला जिथे अडखळायला होतं, तिथे उपनिषदांची थोडी ओळख असलेला मराठी माणूस सरळ आत जातो.

मराठीत हे वळण आणलं बा. सी. मर्ढेकरांनी. १९२९ मध्ये ते आय.सी.एस.साठी इंग्लंडला गेले. त्या परीक्षेत यश आलं नाही, पण सौंदर्यशास्त्रावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३७ साली निघाला आणि ‘काही कविता’ हा संग्रह १९४७ मध्ये. पिंपात मेलेल्या उंदरांच्या त्यांच्या कवितेने एक पिढी हादरली, अश्लीलतेचा खटलाही झाला, त्यातून ते निर्दोष सुटले. मर्ढेकर पचवणाऱ्या भाषेला एलियट जड जावा, याला कारण नाही. मुक्तछंदाचं भय तर विदर्भाच्या शेजाऱ्यांनी बाळगूच नये. कवी अनिल, म्हणजे मूर्तिजापूरला जन्मलेले आत्माराम रावजी देशपांडे, यांनी मुक्तछंदाचा हिरिरीने पुरस्कार करून तो मराठीत रुजवला.

आता मघाच्या बोलीच्या प्रश्नाकडे यायला हवं, कारण या सगळ्या कवितेचा जीव तिथेच आहे.

टोनी हॅरिसन हा लीड्सच्या एका बेकरी कामगाराचा मुलगा. शिष्यवृत्ती मिळवून नामांकित शाळेत गेला. तिथे कीट्सची कविता वाचायला उभा राहिला तर शिक्षकाने मध्येच थांबवलं, कारण मुलाचे उच्चार लीड्सच्या गल्लीतले. नाटकात त्याच्या वाट्याला आला ‘मॅकबेथ’मधला दारुडा पहारेकरी, राजेरजवाडे शुद्ध बोलणाऱ्यांसाठी. हॅरिसनने पुढे ग्रीक-लॅटिनचा पंडित होऊन दाखवलं, आणि मग याच अपमानावर सुनीतं लिहिली. ती वाचताना रायपूरच्या तात्यापाऱ्यातलं, किंवा इथल्या कुठल्याही मराठी वस्तीतलं मूल समोर येतं. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगढवर आली आणि मराठी कुटुंबं इथे स्थिरावली. महाराष्ट्र मंडळ इथे १९३५ पासून आहे. इतक्या पिढ्यांनंतरही इथलं मूल सुट्टीत पुण्याला गेलं आणि “तू काय करून राहिलास?” म्हणालं की भावंडं हसतात. ‘हिंदाळलेली मराठी’ हा शिक्का एकदा बसला की पुढे ते मूल पुण्यात तोंड उघडताना दोनदा विचार करतं. हॅरिसनची कविता त्या मुलाच्या बाजूने उभी राहते.

त्याची दुसरी एक कविता यापेक्षाही जवळ येते. आई गेली आहे. बाप दोन वर्षं तिच्या सपाता शेगडीपाशी ऊबेला ठेवतो, तिच्या बाजूच्या अंथरुणात गरम पाण्याची पिशवी सरकवतो, तिचा बसचा पास नवा करून आणतो. मुलाने यायचं तर आधी फोन करायचा, म्हणजे हे सगळं आवरून ठेवायला बापाला वेळ मिळतो. मुलगा शिकलेला, त्याचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. मेलं म्हणजे संपलं, असं तो ठणकावून सांगतो. मग बापही जातो. शेवटी कळतं की मुलाने नवी डायरी आणली, तिच्यात आईबापांचं नाव लिहिलं, आणि बंद झालेला तो नंबर तो अजून फिरवतो. साधे शब्द, एकही अवघड संदर्भ नाही. सोळा ओळींच्या या कवितेला ‘आधुनिक’ म्हणून घाबरायचं कशाला?

हाच हॅरिसन १९८७ साली देशभर वादाचा विषय झाला. लीड्सच्या दफनभूमीत आईबापांच्या थडग्यावर कुणीतरी रंगाने शिव्या लिहिलेल्या त्याला दिसल्या होत्या. खाणकामगारांच्या संपाच्या दिवसांतली ती गोष्ट. त्यावर त्याने दीर्घ कविता लिहिली, ‘व्ही’, आणि तिला साचा घेतला अठराव्या शतकातल्या थॉमस ग्रेच्या प्रसिद्ध विलापिकेचा. शिव्या तशाच ठेवल्या. चॅनल फोर या दूरचित्रवाहिनीने ती दाखवायचं ठरवलं तेव्हा वर्तमानपत्रांनी रान उठवलं, खासदारांनी आक्षेप घेतले. कविता दाखवली गेलीच. मर्ढेकरांचा खटला आठवणाऱ्यांना ही हकिगत नवी वाटणार नाही.

‘ब्रिटिश’ हा शब्दही जपून वापरावा लागतो. शेमस हीनी हा उत्तर आयर्लंडमधल्या शेतकऱ्याचा मुलगा. १९८२ च्या एका गाजलेल्या ब्रिटिश काव्यसंग्रहात त्याला मानाची जागा दिली, तर आपण ब्रिटिश नाही हे त्याने कवितेतूनच कळवलं. बाप खिडकीखाली फावड्याने जमीन खणतो आहे आणि मुलगा लेखणी धरून बसला आहे, ही त्याच्या पहिल्या संग्रहातली पहिली कविता. शेतावरून नोकरीत आलेल्या कुठल्याही माणसाला ती लागावी. वेल्समधला आर. एस. थॉमस तर पाद्री. वेल्श भाषेचा कट्टर अभिमानी. पण वेल्श तो मोठेपणी शिकला, त्यामुळे आत्मचरित्र वेल्शमध्ये लिहिता आलं, कविता मात्र इंग्रजीतच येत राहिली. आपल्या भाषेत कविता येत नाही, हे दुःख त्याला आयुष्यभर पुरलं.

मुक्तिबोधांच्या घरात हाच पेच वेगळ्या रीतीने सुटला. घरची भाषा मराठी. थोरल्या गजाननांनी हिंदीत लिहिलं, धाकटे शरच्चंद्र मराठीत कवी आणि समीक्षक झाले. त्याआधीच्या पिढीत माधवराव सप्रे. १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ काढणारे हे मराठीभाषक संपादक पुढे रायपुरात राहिले, आणि ‘दासबोध’ व टिळकांचं ‘गीतारहस्य’ त्यांनी हिंदीत नेलं. दोन भाषांत घर करणं ही इथली जुनी रीत आहे. थॉमसची कविता पुण्या-मुंबईपेक्षा रायपूर-राजनांदगावात जास्त खोल कळेल, असं म्हणायला म्हणूनच जागा आहे.

शेवटचं नाव इम्तियाझ धारकर यांचं. जन्म लाहोरचा, वाढल्या ग्लासगोत, मग वर्षानुवर्षं मुंबईत राहिल्या. २०१४ साली त्यांना ब्रिटनच्या राणीचं काव्यासाठीचं सुवर्णपदक मिळालं. ‘ब्लेसिंग’ या त्यांच्या कवितेत कोरड पडलेल्या वस्तीत नगरपालिकेचा नळ फुटतो. माणसं भांडी घेऊन धावतात: पितळ, तांबं, ॲल्युमिनियम, प्लॅस्टिक, काहीच नसेल तर ओंजळ. उघडी मुलं त्या पाण्यात किंचाळत नाचतात. ब्रिटनमधल्या शाळांत ही कविता परीक्षेला असे आणि तिथल्या मुलांना पाण्यासाठी असं धावणं म्हणजे काय, हे समजावून द्यावं लागे. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्या आपल्या वस्त्यांतल्या मुलांना ते समजावायला लागणार नाही.

सुरुवात कशी करावी? एक कविता घ्यावी, पुस्तक नको. दोनदा मोठ्याने वाचावी. इंग्रजीचं वजन लघु-गुरूवर नसून आघातावर असतं, ते डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळतं. ‘पोएट्री अर्काइव्ह’ या संकेतस्थळावर अनेक कवींचे स्वतःचे आवाज फुकट ऐकायला मिळतात. पहिल्या वाचनात अर्थाच्या मागे लागू नये. कोण बोलतं आहे, कुणाशी, आणि बोलता बोलता त्याचा सूर कुठे बदलला, एवढंच पाहावं. लार्किनमध्ये ते स्टेशनागणिक दिसतं.

रायपुरातल्या मराठी मंडळींनी एक काम मात्र हाती घ्यावं. हॅरिसनची ती सपातांची कविता कुणीतरी मराठीत आणावी, आणि ती पुस्तकी मराठीत नको. बाप लीड्सचा कामगार, तर त्याची गोष्ट इथे ‘करून राहिलो’च्या मराठीत सांगावी. मग ती एका संध्याकाळी मोठ्याने वाचावी, मुक्तिबोधांच्या एखाद्या कवितेशेजारी.